ब्लॉग स्वतःच्या सर्व्हरवर हलवताय? मजकुराआधी जुने पत्ते सांभाळा

माझा ब्लॉग मी गूगलच्या ब्लॉगर या सेवेवरून काढून स्वतःच्या सर्व्हरवर आणला, त्यावर वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि मला वाटलेलं की एका दुपारचं काम आहे. मजकूर खरंच एका दुपारीच आला. बाकीचं निस्तरायला मात्र तीन आठवडे गेले, कारण ज्या गोष्टी आधी करायच्या असतात त्या मी नंतर केल्या. तेव्हापासून ओळखीतले चार-पाच जण विचारून गेलेत, म्हटलं एकदा सगळं ओळीने लिहूनच काढूया म्हणजे तुमचे तरी ते तीन आठवडे वाचतील.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. तुमच्या लेखांच्या लिंका लोकांनी कुठे कुठे ठेवलेल्या असतात, कुणाच्या बुकमार्कमध्ये, कुणाच्या जुन्या मेलमध्ये, कुणाच्या लेखाच्या तळाशी. ती जुनी लिंक दाबली की तोच लेख उघडला पाहिजे, एवढं जमलं तर शिफ्टिंग जमलं. म्हणून खाली पत्त्यांबद्दल, म्हणजे या लिंकांबद्दल, जास्त लिहिलंय आणि थीम, रंग वगैरेबद्दल जवळजवळ काहीच नाही, ते तुम्ही नंतर वर्षभर करत बसू शकता.

हाताशी काय काय लागेल

- स्वतःच्या नावावर घेतलेलं डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) आणि ते जिथून घेतलं तिथला लॉगिन
- जुन्या ब्लॉगचा अ‍ॅडमिन लॉगिन, आणि तो ज्या मेलवर आहे त्या मेलचा पासवर्ड चालू आहे ना ते बघून ठेवा
- भाड्याचा छोटा सर्व्हर किंवा शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, सांभाळायचं काम कंपनीचं)
- एसएसएच की (सर्व्हरवर दुरून सुरक्षित लॉगिन करायची किल्ली), सर्व्हर स्वतः सांभाळणार असाल तर
- एक स्प्रेडशीट
- बॅकअप ठेवायला दोन वेगळ्या जागा, त्यातली एक तुमच्या घरच्या डिस्कवर

१. प्लॅटफॉर्म ठरवा, पण यात आठवडा घालवू नका

वर्डप्रेस २००३ पासून आहे, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालतं, साध्या शेअर्ड होस्टिंगवरही बसतं, आणि जवळपास कुठल्याही जुन्या ब्लॉगवरून त्यात माल आणायचा रस्ता कुणीतरी आधीच करून ठेवलेला आहे. घोस्ट २०१३ साली आलं, लिहायला फार छान वाटतं, न्यूजलेटर आतच आहे, पण त्याला नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं, खरी साइट चालवायला मायएसक्यूएल ८ लागतं आणि सर्व्हरला किमान १ जीबी मेमरी हवी. शिवाय घोस्टमध्ये कमेंट करायला वाचकाला मेंबर म्हणून साइन इन व्हावं लागतं आणि जुन्या कमेंट सहजासहजी आत येत नाहीत. तिसरा प्रकार ह्यूगोसारखे स्टॅटिक जनरेटर. सर्व्हरवर नुसत्या एचटीएमएल फाइली, हॅक होण्यासारखं फारसं काही नाही, पण लेख टाकायला कमांड लाइनची सवय पाहिजे.

माझं मत विचाराल तर, जुन्या लेखांखाली जीव लावून लिहिलेल्या कमेंट असतील तर वर्डप्रेस घ्या. माझ्याकडे काही लेख असे आहेत की खालच्या कमेंट लेखापेक्षा मोलाच्या आहेत, लोकांनी माझ्या चुका सुधारल्यात, आपले अनुभव लिहिलेत. त्या टाकून मी कुठेच गेले नसते.

२. जुन्या ब्लॉगची पूर्ण यादी करा

ही पायरी मी गाळली आणि सगळा घोळ इथूनच सुरू झाला. काहीही एक्सपोर्ट करायच्या आधी स्प्रेडशीट उघडा आणि प्रत्येक लेखाचा जुना पत्ता एका कॉलममध्ये घ्या. हाताने करायची गरज नाही, जुन्या ब्लॉगच्या साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनांसाठी ठेवलेली पानांची यादी) सगळे पत्ते असतात, तिथून कॉपी करता येतात. शेजारच्या कॉलममध्ये शीर्षक, तारीख, आणि तिसरा कॉलम नव्या पत्त्यासाठी रिकामा.

लेखांशिवायची पानंही घ्या, म्हणजे माझ्याविषयी, संपर्क, लेबलांची पानं, आणि फीडचा पत्ता. फीड म्हणजे वाचकांच्या रीडर अ‍ॅपला नवीन लेख कळवणारी फाइल. फीड सगळे विसरतात. ब्लॉगरचा फीड एका पत्त्यावर असतो, वर्डप्रेसचा दुसऱ्या, घोस्टचा तिसऱ्याच, आणि तो बदलला की रीडरमधून वाचणारे लोक गुपचूप गळतात, त्यांना नवीन लेख दिसतच नाहीत आणि तुम्हालाही ते गेल्याचं कळत नाही.

३. स्वतःचं डोमेन नसेल तर ते आधी जुन्याच ब्लॉगला लावा

तुमचा पत्ता सेवा देणाऱ्याच्या नावाच्या पोटात असेल, म्हणजे ब्लॉगस्पॉट वगैरे, तर तिथल्या सर्व्हरवर तुमचा ताबा नाही, तिथून थेट नव्या जागी रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणं) लावायला ते देत नाहीत. पण ब्लॉगरमध्ये कस्टम डोमेन लावता येतं, आणि ते लावलं की जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप नव्या डोमेनच्या त्याच पानावर पाठवतो. म्हणून आधी डोमेन घ्या, जुन्या ब्लॉगला जोडा, काही आठवडे तसंच चालू द्या, सर्च इंजिनांना नवीन पत्ता कळू द्या, आणि मग डोमेन आपल्या सर्व्हरकडे वळवा. वाचक ब्लॉगस्पॉटवर आला तरी डोमेनवर येणार, आणि डोमेन आता तुमचं आहे. जुन्या ब्लॉगच्या सेटिंगमध्ये डोमेन मात्र तसंच राहू द्यायचं, काढायचं नाही.

काही सेवा असा रीडायरेक्ट पैसे घेऊन देतात. मोठा ब्लॉग असेल तर वर्षभरासाठी तरी घ्या.

४. एक्सपोर्ट घ्या आणि ती फाइल उघडून बघा

ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे एक्सपोर्ट किंवा बॅकअपची सोय आहे, त्यातून एक्सएमएल प्रकारची मजकुराची फाइल मिळते. लेख, तारखा, लेबलं, कमेंट, सगळं त्यात येतं. त्या फाइलीत फोटो येत नाहीत. फोटोंचे फक्त पत्ते येतात. हे नीट लक्षात ठेवा कारण इम्पोर्ट केल्यावर फोटो व्यवस्थित दिसतात, तुम्हाला वाटतं झालं काम, पण ते दिसतायत जुन्याच सर्व्हरवरून. जुनं खातं बंद केलं की त्या दिवशी सगळे फोटो जातात.

फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, पहिला आणि शेवटचा लेख शोधा, मराठी अक्षरं नीट दिसतायत ना बघा. मग तिची एक कॉपी कुठेतरी ठेवा आणि तिला परत हात लावू नका.

खूप जुने लेख असतील, युनिकोडच्या आधीचे, शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, तर ते फाइलमध्ये रोमन अक्षरांचा गिचमिडा म्हणून दिसतील. ते बिघडलेले नाहीत, मुळात तसेच साठवलेले आहेत. ते कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. वेळखाऊ आहे पण करा, त्याशिवाय ते लेख सर्चमध्ये कधीच सापडणार नाहीत.

५. सर्व्हर

शेअर्ड होस्टिंग घेतलं तर ही पायरी जवळपास नाहीच, कंट्रोल पॅनलमधून वर्डप्रेस बसतं. स्वतःचा सर्व्हर घेतला तर उबंटू लिनक्सची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती घ्या आणि पहिल्याच दिवशी एवढं करा: रोजच्या वापराला रूट (सगळे अधिकार असलेला युजर) सोडून वेगळा युजर, लॉगिन फक्त एसएसएच कीने, पासवर्डने लॉगिन बंद, सुरक्षा अपडेट आपोआप, आणि फायरवॉलमध्ये फक्त २२ (एसएसएचसाठी), ८० आणि ४४३ (साइटसाठी) हे पोर्ट उघडे.

सापळा: फायरवॉल चालू करायच्या आधी २२ ला परवानगी द्या. मी आधी फायरवॉल चालू केली आणि चालू सेशन तुटल्यावर स्वतःच्याच सर्व्हरच्या बाहेर राहिले. तुमचंही असं झालं तर घाबरू नका, बहुतेक कंपन्या ब्राउझरमधून उघडणारा एक कन्सोल देतात, तिथून आत जाऊन ते सुधारता येतं.

डेटाबेस बनवताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ आहे ना बघा. मायएसक्यूएलमधला जुना नुसता यूटीएफ८ एका अक्षराला ३ बाइटच देतो. देवनागरी ३ बाइटमध्ये बसते म्हणून सगळं ठीक वाटतं, पण इमोजीला ४ लागतात, आणि कमेंटमध्ये इमोजी आला की तिथून पुढचा मजकूर कापला जातो किंवा एरर येते.

६. इम्पोर्ट

आधी परमालिंकची (लेखांच्या कायमच्या पत्त्यांची) सेटिंग करा, मग इम्पोर्ट. जुने पत्ते वर्ष, महिना, नाव अशा रचनेचे असतील तर नवीन रचनाही तीच ठेवा, ब्लॉगरच्या पत्त्यांना शेवटी एचटीएमएलचं शेपूट असतं, वर्डप्रेसमध्ये कस्टम रचना निवडून ते शेपूटही तसंच ठेवता येतं. रचना जितकी सारखी तितके रीडायरेक्ट कमी. नवीन रचना सुटसुटीत दिसते म्हणून बदलायचा मोह होतो, मलाही झाला होता, प्लीज बदलू नका.

फाइल अपलोड होत नसेल तर पीएचपीची मर्यादा बघा, मूळ सेटिंगमध्ये ती २ एमबीच असते. एक्सपोर्टची फाइल त्याहून मोठी असेल तर मर्यादा वाढवा किंवा फाइलचे तुकडे करा. वर्डप्रेसच्या इम्पोर्टरमध्ये फोटो वगैरे डाउनलोड करून घ्यायचा एक चौकोन असतो, त्यावर टिक करा. ब्लॉगरकडून आणताना इम्पोर्टर प्रत्येक लेखाचा जुना पत्ता कस्टम फील्डमध्ये ठेवतो, तो पुढे कामाला येतो. झाल्यावर लेख मोजा, जुन्या ब्लॉगवर जेवढे तेवढेच इकडे हवेत, आणि कमेंटही मोजा.

फोटोंसाठी एक चाचणी आहे. एखादा जुना लेख उघडा, फोटोवर राइट क्लिक करून त्याचा पत्ता बघा. तुमचं डोमेन दिसलं तर फोटो तुमच्याकडे आलाय. दुसऱ्याचं दिसलं तर बाहेरचे फोटो ओढून घेणारं प्लगइन चालवा आणि परत तपासा. सगळ्यात जुने दहा लेख तरी हाताने बघा, गडबड तिथेच असते.

७. पत्ते जुळवा, ३०१ लावा

आता ती स्प्रेडशीट काढा आणि तिसरा कॉलम भरा. इथे मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे जी इतर गाइडमध्ये मला कुठे नीट मिळाली नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

शीर्षक देवनागरीत असेल तर प्रत्येक प्लॅटफॉर्म पत्ता वेगळ्या पद्धतीने बनवतो. ब्लॉगर देवनागरी अक्षरं टाकूनच देतो, त्यामुळे तुमचे अर्धे पत्ते ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एक आकडा असे असतात, पत्त्यावरून लेख ओळखता येत नाही. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण आतून प्रत्येक अक्षराचं टक्क्याच्या चिन्हांचं कोडिंग करतं. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ८ मध्ये ३ बाइट, म्हणजे पत्त्यात ९ कॅरेक्टर. वर्डप्रेसची स्लगची (पत्त्यातल्या लेखाच्या नावाची) मर्यादा आहे २००. भागून बघा, २२ चिन्हं बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. लांब शीर्षक असेल तर पत्ता शब्दाच्या मध्येच तुटतो, आणि सारखी सुरुवात असलेल्या दोन लेखांचे पत्ते नुसत्या शेवटच्या आकड्याने वेगळे राहतात. घोस्ट तिसरंच करतं, शीर्षकाचं रोमन करून टाकतं आणि ते रोमन वाचायला फार विचित्र असतं.

मी काय केलं ते सांगते. जुन्या लेखांचे पत्ते जसेच्या तसे ठेवले, ब्लॉग-पोस्टवाले सुद्धा, दिसायला कसेही असले तरी. नवीन लेखांना मात्र पब्लिश करायच्या आधी स्लग हाताने लिहिते, दोन-तीन शब्द, साध्या रोमन अक्षरात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की टक्क्यांची लांबलचक माळ जात नाही आणि कॉपी करताना तुटत नाही.

जे पत्ते जुळत नाहीत त्यांच्यासाठी रीडायरेक्ट. कायमचा असतो तो ३०१, तोच लावा. ३०२ म्हणजे तात्पुरता, तो चुकून लावला तर सर्च इंजिन जुनाच पत्ता धरून बसू शकतं. वर्डप्रेसला रीडायरेक्शन नावाचं प्लगइन आहे, त्यात यादी एकदम भरता येते. घोस्टमध्ये रीडायरेक्टची फाइल अपलोड करायची सोय आहे.

तीन सापळे, तिन्ही मी स्वतः अनुभवलेत:

- सगळे तुटलेले पत्ते होमपेजवर पाठवू नका. वाचकाला हवा तो लेख मिळत नाही आणि गूगल अशा रीडायरेक्टला सापडलं नाही असंच धरतं. लेखाचा रीडायरेक्ट त्याच लेखावर.
- डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सहित आणि शिवाय, दोन्ही पत्ते तपासा. एकच मुख्य ठेवा, दुसरा त्याच्याकडे वळवा.
- ब्लॉगरच्या मोबाइल लिंकांना मागे प्रश्नचिन्ह लावून एम बरोबर १ असं जोडलेलं असतं. फोनवरून शेअर झालेल्या कितीतरी लिंका तशाच फिरत असतात. रीडायरेक्ट लावताना प्रश्नचिन्हापुढचं दुर्लक्ष करायची सेटिंग चालू ठेवा.

लेखांच्या आतल्या, एकमेकांकडे जाणाऱ्या लिंकाही बदलाव्या लागतात. डेटाबेस डंप करून त्यात शोधा-बदला करू नका, वर्डप्रेस काही सेटिंग मजकुराच्या लांबीसकट साठवतं, लांबी जुळली नाही की विजेट गायब होतात. वर्डप्रेसच्या कमांड लाइन टूलमध्ये यासाठी शोधा-बदला कमांड आहे, ती हे सांभाळून घेते, आणि आधी नुसती चाचणी करून किती जागी बदल होणार तेही दाखवते.

८. मराठी नीट दिसतंय का बघा

साइटची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श ही अक्षरं त्यामुळे मराठी वळणाची येतात, नाहीतर हिंदी वळणाची दिसतात. बऱ्याच थीम शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर टाकतात, इंग्रजीत ते छान दिसतं पण देवनागरीत शिरोरेघ तुटते, ते अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, वर मात्रा आणि रफार, खाली उकार, दोन्हीला जागा लागते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत, स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवता येतात.

९. डीएनएस वळवणे

डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आयपी (आकड्यांमधला पत्ता) शोधून देणारी यंत्रणा. टीटीएल म्हणजे बाकीचे डीएनएस सर्व्हर तुमचा जुना रेकॉर्ड किती सेकंद लक्षात ठेवणार तो आकडा. तो ३६०० किंवा ८६४०० असेल तर ३०० करा, आणि हे शिफ्टिंगच्या दोन दिवस तरी आधी, कारण ८६४०० म्हणजे अख्खा एक दिवस आणि तोपर्यंत जुनाच आकडा धरला जातो.

वळवायच्या आधी नवीन साइट खऱ्या पत्त्यावर बघायची असेल तर तुमच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा आयपी लिहा. फक्त तुम्हालाच नवीन साइट दिसेल, बाकी जगाला जुनी. बघून झालं की ती ओळ काढा, नाहीतर नंतर काहीतरी बिघडलं तरी तुम्हाला एकट्यालाच सगळं ठीक दिसत राहील.

मग ए रेकॉर्ड (डोमेन कुठल्या आयपीवर जाणार ती नोंद) बदला. नेमसर्व्हरच (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलत असाल तर आधीचे सगळे रेकॉर्ड उतरवून घ्या, विशेषतः एमएक्स, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ते सांगणारे. याच डोमेनवर तुमचा मेल असेल आणि एमएक्स न्यायचे राहिले तर मेल येणं बंद होईल, आणि पाठवणाऱ्याला कळेल, तुम्हाला कळणार नाही.

एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं, त्याची मुदत ९० दिवसांची असते, म्हणून ते आपोआप रिन्यू होतंय ना हे पहिल्याच दिवशी चाचणी करून बघा. साध्या पद्धतीने घेताना डोमेन आधी तुमच्या सर्व्हरकडे वळलेलं असावं लागतं, त्यामुळे वळवल्यावर काही मिनिटं ब्राउझर वॉर्निंग दाखवेल. रात्री वाचक कमी असतात तेव्हा हे करा.

१०. वळवल्यानंतरचे पहिले काही दिवस

वर्डप्रेसमध्ये सर्च इंजिनांना अडवणारी एक टिक असते, साइट बनवत असताना आपण ती लावतो. ती काढा. आत्ता काढा. मी अकरा दिवस विसरले होते.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये नवीन साइटमॅप द्या. डोमेनच बदललं असेल तर तिथे पत्ता बदलल्याचं कळवायचं टूल आहे तेही वापरा. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, मी म्हणेन कधीच काढू नका, ठेवायला काही खर्च येत नाही.

साइटवरून जाणारे मेल, म्हणजे कमेंटची सूचना किंवा पासवर्ड रीसेट, ते येतायत का तपासा. बऱ्याच सर्व्हर कंपन्या मेल पाठवायचा पोर्ट २५ बंद ठेवतात, त्यामुळे मेल पाठवणारी एखादी सेवा जोडावी लागते आणि डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणारे) रेकॉर्ड टाकावे लागतात.

बॅकअप रोज आपोआप, डेटाबेस आणि फोटोंचं फोल्डर दोन्ही, आणि सर्व्हरच्या बाहेर. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसरीकडे उघडून बघा, साइट उभी राहते का. डोमेनचं ऑटो रिन्यू चालू ठेवा आणि त्याचे मेल रोज बघता त्याच मेलवर येऊ द्या.

जुना ब्लॉग डिलीट करू नका, जुन्या पत्त्यांचे रीडायरेक्ट त्याच खात्यावर चालतात. आणि पहिला महिनाभर रोज रीडायरेक्शन प्लगइनमधली ४०४ ची (न सापडलेल्या पत्त्यांची) यादी उघडत जा. कुणी कुठल्या जुन्या पत्त्यावर येऊन परत गेलं ते तिथे दिसतं. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे रोज वीस-पंचवीस असायचे, आता आठवड्याला एखादा येतो. परवा एका फार जुन्या लेखाच्या पत्त्यावर कुणीतरी आलं होतं, स्प्रेडशीटमध्ये तो माझ्याकडून सुटला होता. लगेच रीडायरेक्ट टाकला, आणि दोन दिवसांनी त्याच पत्त्यावरून आलेला माणूस लेखापर्यंत पोचल्याचं लॉगमध्ये दिसलं.